वेरूळ : लेण्यांच्या पायथ्याचे गाव

गुलमंडीच्या चौकात उभे राहून एखाद्या खेड्याविषयी बोलावे, हे वरवर पाहता विसंगत वाटेल. चहूबाजूंस कापडाची, भांड्यांची, मिठाईची दुकाने, सुपारी हनुमानाच्या देवळापाशी दिवसभर चाललेली माणसांची ये-जा. अशा जागी खेड्याची आठवण कोणास व्हावी? आम्हांस मात्र ती होते, आणि तिला कारण आहे. आज ज्यास आपण छत्रपती संभाजीनगर म्हणतो, ते हे शहर चारशे वर्षांपूर्वी खडकी नावाचे एक गाव होते. १६१० मध्ये मलिक अंबराने येथे शहर वसविण्यास आरंभ केला. १६५३ मध्ये शाहजादा औरंगजेब दख्खनचा सुभेदार होऊन दुसऱ्यांदा आला, तेव्हा त्याचे औरंगाबाद झाले, आणि २०२३ मध्ये त्यास आजचे नाव मिळाले. या साऱ्या घडामोडींत खडकी हे गाव शहराच्या पोटात असे काही विरून गेले की, त्याच्या खुणा आता शोधूनही सापडत नाहीत.

परंतु येथून अवघ्या ३० किलोमीटरांवर दुसरे एक गाव आहे. त्याचा इतिहास खडकीहून कितीतरी जुना आहे. राजधान्या त्याच्या उशापायथ्याशी उठल्या आणि बसल्या. ते मात्र गावच राहिले. ते गाव म्हणजे वेरूळ.

वेरूळ न पाहिलेला माणूस आपल्यात विरळाच सापडेल. शाळेच्या सहलीने आपण तेथे पहिल्यांदा जातो. पुढे घरी पाहुणे आले म्हणजे त्यांना घेऊन जातो. महाशिवरात्रीस वा श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराच्या दर्शनास जातो. कैलास पाहावा, मान दुखेपर्यंत वर पाहावे, घृष्णेश्वराला बेल वाहावा आणि दिवस मावळण्याच्या आत घरी परतावे, हा आपला ठरलेला क्रम. या क्रमात एक गोष्ट राहून जाते. ती म्हणजे खुद्द वेरूळ गाव. लेणी पाहिली, देऊळ पाहिले. गाव पाहिले काय, असे कोणी विचारले तर आपणांस क्षणभर थांबावे लागेल. आज त्या गावाचीच ओळख करून घ्यावी, असा आमचा विचार आहे.

प्रथम वाट. मिटमिटा आणि शरणापूर मागे टाकून आपण दौलताबादच्या पायथ्याशी येतो, तेथून घाट चढून खुलताबादेच्या पठारावर येतो, आणि पठार ओलांडून दुसऱ्या बाजूने उतरू लागलो की वेरूळ दिसते. पठाराची कड येथे पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे. लेणी त्या कड्यात आणि गाव खालच्या सपाटीवर. कड्याचे तोंड पश्चिमेस असल्यामुळे उन्हे कलल्यावर लेण्यांत प्रकाश भरतो. ज्यास मूर्ती नीट पाहावयाच्या आहेत त्याने दुपारनंतर जावे, हे कोणीही जाणता सांगेल.

हा कडा काळ्या पाषाणाचा, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्हारसाचे थर एकावर एक बसून बनलेल्या खडकाचा आहे. त्यावरून येळगंगा नावाची लहानशी नदी उडी घेते. उन्हाळ्यात तिचे नाव तेवढे उरते. पावसाळ्यात ती धबधबा होऊन कोसळते आणि त्या आवाजापुढे दुसरे काही ऐकू येत नाही. पाणी, खोदण्याजोगा अखंड खडक आणि प्रतिष्ठानाहून, म्हणजे पैठणहून, उत्तरेकडे जाणाऱ्या व्यापारी वाटांचे सान्निध्य, या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणून येथे वस्ती झाली आणि वस्तीच्या आधाराने लेणी झाली. शेकडो पाथरवट पिढ्यान्‌पिढ्या डोंगर फोडीत होते, तेव्हा त्यांना धान्य, पाणी, छिन्नीला धार लावून देणारा लोहार आणि निवारा कोठून मिळत होता, याचा विचार आपण क्वचितच करतो.

गावाचे जुने नाव एलापूर. राष्ट्रकूट राजा कर्क याचा ८१२-१३ मधील एक ताम्रपट बडोद्यास मिळाला. त्यात कृष्णराजाने एलापुरी बांधलेल्या शिवमंदिराचे वर्णन आहे. ते पाहून विमानांतून जाणारे देव थक्क झाले, आणि ज्याने ते घडविले त्या शिल्प्यासही हे आपल्या हातून कसे झाले असा अचंबा वाटला, असे ताम्रपटाचा कवी सांगतो. हा कृष्णराजा म्हणजे आठव्या शतकातला राष्ट्रकूट कृष्ण पहिला, आणि ते मंदिर म्हणजे आपला कैलास, असे विद्वान मानतात. पुढे तेराव्या शतकातील चक्रधरस्वामींच्या एळापुरातील वास्तव्याच्या आठवणी महानुभावांच्या लीळाचरित्रात आल्या आहेत. एलापूर, एळापूर, वेरूळ अशी ही नावाची वाटचाल.

ताम्रपट राजांचे. गावाची आठवण निराळ्या तऱ्हेने टिकते. कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त या लेण्याची एक कथा आली आहे आणि तीच थोड्याफार फरकाने लोकांच्या तोंडी आहे. एलिचपूरचा येलू राजा एका व्याधीने गांजला होता. येथल्या पाण्याने त्याची व्याधी गेली. राजा बरा झाला तर शिवाचे देऊळ बांधीन आणि त्याचा कळस पाहीन तेव्हाच अन्न घेईन, असा त्याच्या राणीने, माणिकावतीने, नवस केला होता. देऊळ पुरे होण्यास वर्षे लागणार. तोवर राणीने उपाशी कसे राहावे? तेव्हा पैठणचा कोकास नावाचा कारागीर पुढे आला. त्याने पायापासून सुरुवात न करता डोंगराच्या माथ्यापासून खोदावयास आरंभ केला आणि थोड्याच दिवसांत राणीला कळस दाखविला.

या कथेस इतिहास म्हणता येणार नाही. तरी तिच्यात एक मर्म आहे. कैलास खरोखरच वरून खाली खोदला आहे. सुमारे २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद आणि मागील बाजूस १०७ फूट खोल असा खड्डा घेत, मधला खडक राखून त्याचे देऊळ केले आहे. पुरातत्त्वज्ञ निरीक्षणाने जे सांगतात, ते गावकऱ्यांनी राणीच्या उपासाची गोष्ट करून शतकानुशतके सांभाळले. राजाचे खरे नाव ते विसरले, पण काम कसे झाले हे विसरले नाहीत. कसबी माणसांच्या गावाची स्मृती अशीच असावयाची.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. वेरूळच्या लेण्यांस आज १ ते ३४ असे क्रमांक आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन, हे आपण पाठ म्हणून शिकतो. हे क्रमांक अभ्यासकांचे. त्यापूर्वी लेण्यांस नावे होती आणि ती गावाने दिलेली होती. ती नावे ओळीने वाचून पाहावीत. दहावे लेणे ‘सुताराची झोपडी’. चोविसावे ‘तेल्याची घाणी’. पंचविसावे ‘कुंभारवाडा’. सव्विसावे ‘जनवासा’, म्हणजे लग्नात नवरदेवाकडील मंडळी उतरतात ती जागा. सत्ताविसावे ‘गवळणीचे लेणे’. एकोणतिसावे, येळगंगेच्या धबधब्याशेजारचे, ‘सीतेची न्हाणी’.

हे काय आहे? हे एक गाव आहे. सुतार, तेली, कुंभार, गवळी, वऱ्हाडाचा उतारा, अंघोळीची जागा. बलुतेदारांचे अख्खे गाव डोंगरात मांडलेले आहे. ज्या माणसांस राष्ट्रकूटांचे नाव ठाऊक नव्हते, महायान आणि शैव यांतील भेद ठाऊक नव्हता, त्यांनी समोरचा अपरिचित डोंगर आपल्या परिचयाच्या गावासारखा वाचला. पंचविसाव्या लेण्याच्या छतावर सात घोड्यांच्या रथातील सूर्य आहे, तरी ते कुंभारवाडाच. बत्तिसाव्या लेण्यात हत्तीवर बसलेला यक्ष पाहिला, तो त्यांना इंद्र वाटला, म्हणून ते जैन लेणे ‘इंद्रसभा’ झाले. या नावांत चुका आहेत हे खरे. परंतु या चुका आपलेपणाने केलेल्या आहेत.

काही नावांत तर चूकच इतिहास होऊन बसली आहे. अकराव्या लेण्यास ‘दोन ताल’ म्हणतात, बाराव्यास ‘तीन ताल’. पण अकराव्यालाही मजले तीनच आहेत. मग दोन ताल का? तळमजला मातीदगडांत पुरला गेला होता आणि १८७६ मध्ये तो मोकळा झाला. म्हणजे ज्या काळात हे नाव पडले, त्या काळी मजले दोनच दिसत होते. गावकऱ्यांची मोजणी बरोबर होती. मजला मागाहून उघडा पडला.

दहाव्या लेण्याचे नाव असेच बोलके आहे. ते बौद्धांचे चैत्यगृह. त्याच्या छतास दगडात कोरलेल्या फासळ्या आहेत, अगदी लाकडी वाशांसारख्या. सुतारांनी त्या पाहिल्या आणि हे काम आपल्या विश्वकर्म्याचेच असे ओळखले. आत बसलेल्या बुद्धास विश्वकर्मा मानून सुतारमंडळी दुरून दर्शनास येत. दगडात लाकडाची नक्कल झाली आहे ही गोष्ट कलेच्या इतिहासकारांनी पुढे सविस्तर सांगितली. सुतारांनी ती हाताच्या अनुभवाने आधीच जाणली होती.

परंतु गावाची नावे म्हणजे गावाचे सगळे गुणच, असे समजण्याचे कारण नाही. लेण्यांच्या दक्षिण टोकाकडील पाचव्या लेण्याचे जुने नाव ‘महारवाडा’. सुमारे ११७ फूट लांबीचे हे बौद्ध लेणे. मधोमध दगडाचे दोन लांब, ठेंगणे ओटे. भिक्षू तेथे ओळीने बसून जेवीत असावेत किंवा पठण करीत असावेत. गावाने डोंगरात आपले चित्र पाहिले तेव्हा त्यात गावकुसाबाहेरची वस्तीही पाहिली, आणि तिलाही कडेचीच जागा दिली.

या नावापुढे उभे राहिले की आम्हांस एका प्रवासाची आठवण होते. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहावयास निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहण्यास ते थांबले. प्रवासाची धूळ धुण्यासाठी मंडळींनी किल्ल्याच्या दारापाशी असलेल्या हौदावर हातपाय धुतले. हौद बाटविला, अशी ओरड झाली आणि गर्दी जमली. शेवटी, किल्ल्यात कोठेही पाण्यास शिवावयाचे नाही या अटीवर आणि बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन त्यांना आत सोडण्यात आले. बाबासाहेबांनी हा प्रसंग आपल्या आत्मवृत्तपर टिपणांत लिहून ठेवला आहे. पुढे १९५० मध्ये त्यांनी याच शहरात महाविद्यालय काढले. त्यास मिलिंद हे नाव मिळाले आणि त्याच्या परिसरास नागसेनवन. १९५६ मध्ये त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. गावाने ज्या बुद्धविहारास महारवाडा म्हटले होते, त्याचे दार अशा रीतीने दुसऱ्या बाजूने उघडले गेले. म्हणून आम्ही म्हणतो, नावे पुसू नयेत. गोड नावे जपावीत आणि कडूही लक्षात ठेवावीत.

आता लेणी सोडून खाली गावाकडे येऊ. लाल दगडाचे घृष्णेश्वराचे देऊळ बारा ज्योतिर्लिंगांत गणले जाते. पाच टप्प्यांचे शिखर, त्यावर दशावतारांची शिल्पे, पुढे खांबांचा सभामंडप आणि नंदी. गाभाऱ्यात जाताना पुरुषांनी अंगावरचा सदरा उतरावयाचा, हा रिवाज. देवळाची कथा एका घरातली आहे. सुधर्मा नावाच्या ब्राह्मणास सुदेहेपासून मूल झाले नाही, म्हणून तिनेच आपली बहीण घुष्मा त्यास करून दिली. घुष्मा रोज १०१ पार्थिव लिंगे करून पुजी आणि तळ्यात सोडी. तिला मुलगा झाला. मुलगा मोठा होऊन घरात सून आली, तसा सुदेहेचा मत्सर वाढला. तिने मुलाचा घात करून देह तळ्यात टाकला. घुष्मेने पूजा मोडली नाही. लिंगे सोडावयास ती तळ्यावर गेली तो मुलगा पाण्यातून चालत आला. शंकर प्रकट झाले तेव्हा तिने प्रथम बहिणीसाठी क्षमा मागितली. येथेही पाहा, चमत्काराची जागा पाणवठाच आहे. येलू राजा पाण्याने बरा झाला, घुष्मेस मुलगा पाण्याने दिला. उन्हाळ्यात आटणाऱ्या नदीकाठच्या गावास पाण्याहून मोठा देव कोणता?

ते तळे म्हणजे शिवालय तीर्थ. लेण्यांहून येणारे बहुतेक जण ते न पाहताच परततात, हे आमच्या मते मोठे नुकसान आहे. चारी बाजूंनी पायऱ्या उतरत गेलेले, रेखीव, चौकोनी दगडी कुंड. पायऱ्यांच्या टप्प्यांवर लहान लहान देवळ्या. अठराव्या शतकात होळकरांनी येथे मन लावून काम केले. मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांनी आणि पुढे अहिल्याबाईंनी देवळाचा आणि तीर्थाचा जीर्णोद्धार केला. काशीपासून रामेश्वरापर्यंत अहिल्याबाईंची कामे आहेत; पण देवाइतकीच वाटसरूच्या पाण्याची चिंता वाहणारी ती बाई मूळची चौंडीची, म्हणजे पाण्याचे मोल जाणणाऱ्या मुलखातली, हे या पायऱ्या उतरताना ध्यानी येते.

होळकरांच्या आधी या देवळाची काळजी वाहिली ती भोसल्यांनी. बाबाजी भोसले हे वेरूळचे पाटील. त्यांचे पुत्र मालोजी आणि विठोजी निजामशाहीच्या चाकरीत वाढले. मालोजींची घृष्णेश्वरावर निष्ठा होती. त्यांना शेतात द्रव्य सापडले, त्यांनी ते श्रीगोंद्याच्या सावकाराकडे ठेवून त्यातून घोडी घेतली, शिलेदार जमविले, वेरूळचे देऊळ दुरुस्त केले आणि शिखर शिंगणापुरास तळे बांधले, असे बखरकार सांगतात. द्रव्याची गोष्ट कोणी मानो वा न मानो. पाटलाच्या हाती चार पैसे आले तेव्हा त्याने घोडी, देऊळ आणि तळे यांत ते घातले, एवढे त्यातून कळते. नगरच्या शाह शरीफ पिरास नवस केल्यावर मुलगे झाले म्हणून त्यांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशीही परंपरा आहे. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत हे दोघे भाऊ मलिक अंबराच्या बाजूने लढले. शरीफजी तेथे पडले. ज्या मलिक अंबराने खडकीचे शहर केले, त्याच्याच झेंड्याखाली वेरूळच्या पाटलाचे नातू लढत होते. आपले शहर आणि ते गाव यांचे नाते असे रक्ताचे आहे. शहाजीराजांचे पुत्र शिवाजी महाराज. ज्या घराण्याने स्वराज्य उभे केले, त्याची गढी या खेड्यात होती. आज गढीचे अवशेष तेवढे उरले आहेत. कैलासापुढे जेवढी गर्दी, तेवढीच येथे शांतता.

गावाचे वैभव बाहेरच्या जगास हळूहळू कळत गेले. १७९० नंतरच्या काही वर्षांत पुण्याच्या इंग्रज वकिलातीतील चार्ल्स मॅलेट याने लेण्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यासाठी चित्रे काढणारा हात मात्र मराठी होता, पुण्याच्या गंगाराम तांबटाचा. १८१० मध्ये कॅप्टन सीली मुंबईहून खडतर प्रवास करून आला आणि १८२४ मध्ये त्याने वेरूळवर पुस्तकच लिहिले. पुढे फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी मोजमापे घेतली आणि लेण्यांचे क्रमांक रूढ केले. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानात पुरातत्त्व खाते निघाले. गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली लेण्यांची निगा होऊ लागली. १९८३ मध्ये युनेस्कोने वेरूळ जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

हे सारे उपकारक झाले, यात शंका नाही. क्रमांक नसते तर अभ्यास झाला नसता आणि खाते नसते तर पाणी झिरपून मूर्ती गेल्या असत्या. परंतु पाटी बघून लेणी पाहण्याची सवय आपणांस लागली, आणि पाटीवर क्रमांक ठळक, नाव बारीक किंवा मुळीच नाही. सोळावे पाहिले, दहावे पाहिले, बत्तिसावे राहिले, असे आपण बोलू लागलो. तेल्याची घाणी पाहिली काय, असे आता कोण विचारतो? नावे पुस्तकात छापलेली आहेत म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. नाव तोंडी असते तोवरच ते गावाचे. पुस्तकात गेले की ते तळटीप होते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. पुढच्या वेळी वेरूळास जाल तेव्हा क्रम उलटा करा. सकाळी प्रथम गावात उतरा. शिवालय तीर्थाच्या पायऱ्यांवर घटकाभर बसा. घृष्णेश्वराचे दर्शन घ्या. भोसल्यांच्या गढीच्या जागेवर जा आणि मुलांना सांगा की, पाटलाच्या घरातून राजा कसा उभा राहतो. मग उन्हे कलल्यावर डोंगराकडे वळा, आणि क्रमांकाबरोबर नावही घ्या. कुंभारवाडा म्हणा, जनवासा म्हणा, सीतेची न्हाणी म्हणा. महारवाड्याच्या ओट्यांपाशी थांबा आणि ते नाव का पडले असेल ते मुलांपासून लपवू नका. गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारा; पुस्तकात न आलेले एखादे नाव मिळाले तर ते लिहून घ्या आणि कोणी सांगितले तेही लिहा.

आपण गुलमंडीवर बसलो आहोत. गुल म्हणजे फूल आणि मंडी म्हणजे बाजार. येथे कधीकाळी फुलांचा बाजार भरत असावा, एवढे हे नाव सांगते. आज चौकात कापड आहे, भांडी आहेत, मोटारींचे भोंगे आहेत. तरी नाव तोंडी आहे तोवर त्या फुलांची आठवण जागी आहे. या चौकास उद्या नुसता क्रमांक मिळाला तर आपणांस काय वाटेल, त्याचा विचार करावा आणि मग वेरूळास जावे.